रांजणगावची गाडी, नागोयाचा नंबर

सप्टेंबरच्या शेवटी गाडीचे पैसे ठाण्याच्या खात्यात जमा झाले. विकायला काढल्यापासून साडेसात महिने गेले होते. मधल्या काळात जपानातून परतायच्या बेतात असलेल्या तिघांनी फोन करून एकच प्रश्न विचारला, "गाडीचं काय केलंस?" तिघांना तासतासभर तेच सांगितलं. चौथ्याला हा लेख पाठवीन.

आधी गाडीविषयी. नागोयाजवळ मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी सात वर्षं होतो. त्या भागात राहून ऑक्टोबर २०२२ मध्ये मी जीप कंपास घेतली. टोयोटाच्या अंगणात राहून अमेरिकी गाडी घेणं म्हणजे कोल्हापुरात राहून पांढरा रस्सा बाहेरगावाहून मागवण्यासारखं. ऑफिसातले लोक काही बोलले नाहीत. जपानी लोक बोलत नाहीत, फक्त मान किंचित कलती करतात.

गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी काचेच्या खालच्या कोपऱ्यात कोरलेला चेसिस नंबर वाचला. पहिली तीन अक्षरं एमसीए. एमए ते एमई या मालिकेतली अक्षरं भारताची असतात, हे कामामुळे पाठ होतं. म्हणजे आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेली गाडी! उजव्या स्टिअरिंगच्या कंपास तिथूनच जपानला आणि ऑस्ट्रेलियाला जात होत्या. बाबांना रात्री फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, "अरे, मग अष्टविनायक केले तेव्हाच घेऊन टाकायची. येताना गणपतीचं दर्शनही झालंच होतं."

जानेवारी २०२५ मध्ये बाबांची बायपास ठरली आणि आम्ही कायमचं परत यायचं नक्की केलं. तारीख धरली मार्चअखेर. मी तीन आठवड्यांची रजा टाकून आधी एकटाच ठाण्याला, नौपाड्यात आलो. ऑपरेशन नीट झालं. रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी एकच गोष्ट वाचत होतो: जुनी गाडी भारतात आणायचे नियम.

वाचून मला भलताच उत्साह चढला. गाडी उजव्या स्टिअरिंगची हवी, आहे. स्पीडोमीटर किलोमीटरचा हवा, आहे. (इंग्लंडहून येणाऱ्यांनी इथेच थांबून आपला डायल बघावा.) परदेशात सलग दोन वर्षं राहिलेलं हवं आणि गाडी किमान वर्षभर आपल्या ताब्यात हवी, दोन्ही आहे. गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको. इथे मात्र एक खाच आहे. तीन वर्षं उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात, रजिस्ट्रेशनच्या तारखेपासून नाही. माझी गाडी ऑक्टोबरमध्ये रजिस्टर झालेली असली तरी रांजणगावातून ती मे महिन्यातच बाहेर पडली होती. म्हणजे हातात होते जेमतेम चार महिने. शिवाय जुनी गाडी फक्त मुंबई बंदरातूनच आत येते.

शनिवारी, १ फेब्रुवारीला, बजेट आलं. फोनवर मथळा झळकला: परदेशी गाड्यांवरची कस्टम ड्यूटी १२५ टक्क्यांवरून ७० वर. मी बाबांना उठवून सांगितलं. आयसीयूतून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाला उठवून सांगायची ही गोष्ट नव्हती, पण सांगितलं.

सोमवारी, ३ तारखेला, वाशीला गेलो. बाबांच्या बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्यांचा मुलगा सीएचए आहे, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणारा क्लिअरिंग एजंट. टेबलावर फायलींची चळत, भिंतीवर दत्ताचा फोटो, आणि दर दोन मिनिटांनी न्हावा शेवाहून कुणाचा तरी फोन. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग एका जुन्या बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टमला द्यायच्या आयातीच्या अर्जाची, झेरॉक्स उलटी केली आणि पेन काढलं.

"साहेब, आधी किंमत. तुम्ही किती दिले ते कस्टम बघत नाही. नव्या गाडीची किंमत धरून घसारा लावतात. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. वर जहाजाचं भाडं आणि विमा. तुमची पंधरा लाखांच्या आसपास बसेल."

"आणि ड्यूटी ७० टक्के?"

तो हसला. "७० बेसिक. आणि साडेसदुसष्ट टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर. बेरीज करा."

१३७.५.

"आधी किती होतं? १२५, आणि त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे साडेबारा. बेरीज करा."

१३७.५. मी दोनदा केली.

मथळा खरा होता, बेरीजही खरी होती. एका खिशातून काढून दुसऱ्यात घातलेलं. पुढचं त्याने न बोलता लिहिलं. पंधरा लाखांवर २० लाख ६२ हजार. झाले ३५ लाख ६२ हजार. या बेरजेवर २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस, कारण गाडी एसयूव्ही, चार मीटरपेक्षा लांब आणि इंजिन २.४ लिटरचं. आणखी १७ लाख ८१ हजार. एकूण कर ३८ लाख ४३ हजार. पंधरा लाखांच्या गाडीवर! नंतर महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा, आयात गाडीला सरसकट २० टक्के. तीच कंपास तेव्हा ठाण्याच्या शोरूममध्ये १९ लाखांपासून मिळत होती.

मी शेवटचं अस्त्र काढलं. "पण ही गाडी इथेच बनलीय. रांजणगावात. परदेशी कुठे आहे?"

हा प्रश्न त्याला बहुतेक पहिल्यांदाच कुणीतरी विचारला असावा, कारण त्याने फोन पालथा ठेवला. मग सांगितलं की कस्टम कायद्याचं कलम २० याच्याचसाठी आहे: भारतातून निर्यात झालेला माल परत आला तर त्याला आयात मालासारखीच ड्यूटी लागते. परत आणायला सूट आहे, पण ती ज्याने माल पाठवला त्याच्या न विकलेल्या, परत आलेल्या मालाला. "तुम्ही पाठवली होती का रांजणगावहून?" नव्हती. "मग आता ती जपानी माणसाची गाडी. माणूस तुम्ही असलात तरी."

घरसामानाच्या सवलतीत बसते का, हेही विचारून घेतलं. बसत नाही. कायद्यात बॅगेजची व्याख्या करतानाच मोटारगाडी वगळलेली आहे. फ्रीज आणा, वॉशिंग मशीन आणा. त्याने फी घेतली नाही, कटिंग पाजला. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

(नंतर वाचणाऱ्यांसाठी: २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना सेस नाही, सरळ ४० टक्के जीएसटी. माझाच हिशेब नव्या दराने केला तर कर ३४ लाख ८७ हजार येतो. आणि ब्रिटनशी जुलैत झालेल्या करारात गाड्यांवरची ड्यूटी ११० ची १० टक्के होणार अशा बातम्या वाचून कुणी फार खूश होऊ नये. ते ठरलेल्या संख्येपुरतं आणि तिथल्या कंपन्यांच्या गाड्यांसाठी आहे. आपल्या वापरातल्या गाडीचा त्याच्याशी संबंध नाही.)

तर गाडी तिथेच विकायची. इथून पुढे मी ज्या चुका केल्या त्या सविस्तर लिहितो, कारण त्या टाळता येण्यासारख्या होत्या.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नागोयाला परतलो आणि एका संकेतस्थळावर गाडीची माहिती भरली. एक फॉर्म भरला की अनेक दुकानांकडून भाव येतात, अशी सोय. बटण दाबून फोन खाली ठेवेपर्यंत पहिला कॉल आला. पुढच्या वीस मिनिटांत अकरा. टीप अशी, की फॉर्म भरायचाच असेल तर कामाच्या दिवशी दुपारी भरू नका.

तिघांना घरी बोलावलं. एकाने चाळीस मिनिटं गाडी तपासली. गुडघ्यावर बसून टॉर्च मारला, रंगाची जाडी मोजायचं यंत्र दरवाज्यांना लावलं, गालिचा उचलून खाली ओल बघितली. मग कमरेत वाकून नमस्कार केला आणि १९ लाख येन सांगितले. नवी घेताना सगळं धरून ४५ लाखांच्या आसपास गेले होते. आणि गाडी अडीच वर्षंही पुरी चाललेली नव्हती. बाकी दोघे १७ आणि १७ लाख ८० हजारांवर होते. कारण विचारलं तर तिघांचं उत्तर एकच: परदेशी गाडी आहे ना.

मी म्हटलं, खरं तर ही भारतात बनलीय. "असं होय," १९ लाखवाला अगदी मनापासून म्हणाला. भाव हलला नाही.

गंमत म्हणजे त्याच दिवसांत सगळं ऑफिस एका भारतीय गाडीबद्दलच बोलत होतं. सुझुकीची पाच दरवाज्यांची जिम्नी नोमाड ३० जानेवारीला जपानात जाहीर झाली आणि चार दिवसांत ५० हजार ऑर्डर येऊन कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. ज्या दिवशी मी वाशीत बसून बेरीज करत होतो त्याच दिवशी. ती जिम्नी गुरुग्रामला बनते. म्हणजे भारतात बनल्याचं जपानी गिऱ्हाइकाला वावडं नाही. नाकावरचा बिल्ला जपानी हवा, आणि बिघडली तर कोपऱ्यावरचा गॅरेजवाला ओळखीचा हवा.

आणि बाहेरून येणाऱ्या मोटारींवर जपानची आयात ड्यूटी किती? शून्य. १९७८ पासून शून्य. वाशीतल्या त्या कागदानंतर हा आकडा मला फार टोचला. दार सताड उघडं आहे, तरी २०१६ मध्ये फोर्ड तिथून गाशा गुंडाळून गेली. नव्वदच्या दशकात तर टोयोटाने स्वतः जनरल मोटर्सची कॅव्हेलियर आणून, उजवं स्टिअरिंग लावून, स्वतःच्या नावाने विकून पाहिली. चालली नाही, २००० साली बंद. अमेरिकेचे लोक म्हणतात की तिथले नियम आणि चाचण्याच आडकाठी घालतात. त्यात तथ्य असेलही, पण मी सात वर्षं ज्या गल्लीत राहिलो तिथे दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागे. तिथे लोक केई गाडी घेतात: लांबी ३.४ मीटरच्या आत, रुंदी १.४८ मीटरच्या आत, इंजिन ६६० सीसी. कर कमी, विमा कमी. मोठी गाडी घ्यायची तर आधी पोलिसांकडून जागेचा दाखला लागतो, की हिच्यासाठी पार्किंग आहे आणि त्यात ही मावते. हा दाखला पुढे मला भोवला.

१९ लाख मी नाकारले. वाटलं, स्वतः गिऱ्हाईक शोधलं तर २३ तरी येतील. ही पहिली चूक. ओकाझाकीला माझा एक मित्र आहे, मूळचा डोंबिवलीचा. त्याच्या घराजवळ महिना ७ हजार येनांवर पार्किंग घेतलं आणि गाडी तिथे लावली.

२४ मार्चला वॉर्ड ऑफिसात जाऊन इन्कानचे दोन दाखले घेतले, प्रत्येकी ३०० येन. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तिथे मोठ्या व्यवहारात सही चालत नाही, नोंदणी केलेला शिक्का लागतो आणि तो शिक्का तुमचाच असल्याचा दाखला. गाडीच्या कामात हा दाखला तीन महिन्यांच्या आतला हवा. देश सोडल्याची नोंद केली की शिक्क्याची नोंदणी आपोआप रद्द होते. म्हणजे नवा दाखला कधीच नाही. खिडकीतल्या बाईंनी हे मला सावकाश, दोनदा समजावून सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. तीन महिने म्हणजे पुष्कळ, असं वाटलं. ही दुसरी चूक.

दोन गोष्टी मात्र बरोबर केल्या. कर भरण्यासाठी मित्राला प्रतिनिधी नेमून गेलो. आणि गाडीचा ऐच्छिक विमा बंद करताना विमा थांबवल्याचं प्रमाणपत्र मागून घेतलं. ते दहा वर्षं चालतं, पुन्हा जपानला गेलो तर जुनी सवलत शाबूत राहते. ते न मागता कुणी देत नाही. विमा नसल्यामुळे पुढे कुणालाही गाडी चालवून बघता येईना, हेही लिहायला हवं. लोक यायचे, इंजिन चालू करून आत बसायचे, काचा वरखाली करायचे आणि जायचे.

२९ मार्चला ठाण्यात उतरलो. १ एप्रिलला गाडी ज्याच्या नावावर, त्याला वर्षाचा मोटार कर. तीन दिवसांचा प्रश्न होता. मे महिन्यात मित्राच्या पत्त्यावर ४३ हजार ५०० येनांचं बिल पडलं.

३ एप्रिलपासून अमेरिकेने परदेशी मोटारींवर २५ टक्के जादा कर लावला. मित्राचा कारखाना तिकडे माल पाठवणाऱ्यांना माल देतो, तिथे सगळे चिंतेत. तो फोनवर म्हणाला, "इथे साहेब लोक अमेरिकेत गाड्या कशा विकायच्या म्हणून डोकं धरून बसलेत, आणि मी रविवारी एका जीपची बॅटरी चार्ज करतोय." बॅटरी पहिल्या पाच आठवड्यांत बसली होती. नवीनला १८ हजार येन. गाडी उभी ठेवणार असाल तर बॅटरीची एक तार काढून ठेवा, एवढं दहा मिनिटांचं काम आहे.

मे महिन्यात गिऱ्हाईक मिळालं. गिफूच्या शाळेतले शिक्षक, २१ लाखांना तयार. मी घरात पेढे आणले. आठ दिवसांनी त्यांचा लांबलचक, अतिशय नम्र मेसेज आला. त्यांच्या इमारतीत लोखंडी पाळण्यासारखं वर-खाली जाणारं पार्किंग होतं. त्यात १८०० मिलिमीटर रुंदीपर्यंतची गाडी बसते. कंपास १८१० मिलिमीटर. बायकोला वाटलं मी थट्टा करतोय. तिने कपाटातली शिवणाची टेप काढून एक सेंटिमीटर बोटांत धरून दाखवला, "एवढं?" एवढंच. एवढ्यासाठी जागेचा दाखला नाही, दाखला नाही तर गाडी नावावर होत नाही.

जूनमध्ये एक जोडपं आलं. १९ लाख, पण पैसे उन्हाळी बोनस मिळाल्यावर. तिथे बोनस जूनअखेर-जुलैत होतो. मी थांबलो. २४ जून येऊन गेला. ४ जुलैला त्यांचा फोन आला की पैसे तयार आहेत, आणि मित्राने कागद काढले तेव्हा इन्कानचा दाखला दहा दिवसांपूर्वी मेला होता. नवे कागद भारतातून यायला महिना लागेल म्हटल्यावर त्यांनी दुसरीकडे केई गाडी घेतली. त्या रात्री मी १९ लाखवाल्या माणसाच्या कमरेतल्या नमस्काराची फार आठवण काढली.

आता शिक्क्याच्या जागी काय? मुंबईच्या जपानी वकिलातीत सहीचा दाखला मिळतो, पण फक्त जपानी नागरिकांना. आपण आपल्या देशातल्या नोटरीसमोर सही करायची, ती सही आपलीच असल्याचं नोटरीने लिहून द्यायचं, त्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणपत्र, घ्यायचं आणि जपानी भाषांतर जोडायचं, असं तिथल्या परिवहन कार्यालयाने मित्राला सांगितलं.

८ जुलैला भर पावसात कोर्ट नाक्यावर गेलो. ५०० रुपयांचा स्टँप पेपर (ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा चालत नव्हता, मी शंभराची नोट काढून हसं करून घेतलं). पत्र्याच्या शेडखाली टायपिस्ट बसले होते, छतातून एक धार नेमकी माझ्या चपलेवर. नोटरीवकिलांनी चष्म्यावरून पाहिलं.

"विषय?"

"गाडी विकायचीय. जपानमध्ये आहे."

"मग तिथे आरटीओ नाही का?"

"आहे. त्यांनीच इथे पाठवलंय."

त्यांनी रजिस्टर पुढे केलं. हिरवी तिकिटं चिकटवली, लाल गोल शिक्का मारला, वर दाबाचा शिक्का. तो कागद पुढे मंत्रालयात साक्षांकनाला आणि तिथून परराष्ट्र मंत्रालयाच्या अपॉस्टिलला जातो. सरकारी फी ५० रुपये. मी एजंटला सगळे मिळून ४ हजार २०० दिले आणि नऊ दिवस वाट पाहिली. भाषांतर स्वतः केलं, ते चालतं, फक्त खाली भाषांतरकाराचं नाव आणि सही हवी. कुरिअरचे २ हजार ९००, चार दिवस.

२३ जुलैला कागद परत. त्याच दिवशी बातमी होती की अमेरिका-जपान करार झाला, जपानी गाड्यांवर १५ टक्के कर, आणि अमेरिकी गाड्या जपानात नव्याने चाचणी न करता घेणार. दोन देशांचं जमलं, माझं जमलं नाही. कारण नाव. पासपोर्टवर आणि तिथल्या गाडीच्या कागदावर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. कोर्ट नाक्यावरच्या टायपिस्टने आपल्या पद्धतीने माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं छापलं होतं, आणि मी ते वाचून बरोबर आहे म्हणून सही केली होती. चाळीस वर्षं तसंच लिहितोय, चूक दिसणार कशी? परिवहन कार्यालयाच्या दृष्टीने मात्र ती दोन वेगळी माणसं.

तेव्हा तुम्ही जाल तर गाडीच्या कागदाची झेरॉक्स टायपिस्टसमोर ठेवा आणि अक्षर अन् अक्षर, क्रमासकट, तसंच छापून घ्या. पासपोर्टची नोटराइज्ड प्रत सोबत जोडा. आणि दोन संच करा. पुन्हा ५००, पुन्हा एजंट, पुन्हा कुरिअर. दुसरा संच ८ ऑगस्टला पोचला. मग ओबोनच्या, म्हणजे तिथल्या पितरांच्या सणाच्या, सुट्ट्या लागल्या. ऑगस्टच्या मध्यात तिथे सगळं थंड असतं, हेही कॅलेंडरात धरा. ऑक्टोबरमध्ये गाडीची पहिली सक्तीची तपासणी, शाकेन, येणार होती. ती करून घ्यायला लाखभर येन सहज गेले असते, म्हणून खाजगी गिऱ्हाइकाचा नाद सोडला आणि एका एजंटामार्फत गाडी लिलावाला लावली.

लिलावात गाडीसोबत एक पान असतं. वरून काढलेलं गाडीचं चित्र, आणि त्यावर जिथे जिथे काही खोट आहे तिथे खूण. माझ्या गाडीच्या पानावर मागच्या बंपरवर नखाएवढा ओरखडा दाखवला होता. तो मी ठाण्यात बसून पहिल्यांदा पाहिला, अडीच वर्षं मला दिसला नव्हता. किमान किंमत १६ लाख ठेवली, गेली नाही. पुढच्या खेपेला १५ ठेवली. २२ ऑगस्टला १५ लाख ४० हजारांना गेली. मित्राने सांगितलं की अर्धं मिनिटही लागलं नाही.

हिशेब लिहून टाकतो. १५ लाख ४० हजारांतून एजंटचे ४५ हजार, पार्किंगचे ३५, बॅटरीचे १८ आणि मोटार कर साडेत्रेचाळीस वजा. ऑगस्टअखेर गाडीची नोंदणी रद्द झाल्यामुळे उरलेल्या सात महिन्यांचा कर परत आला, २५ हजार ३००. नुसती नावावर करून दिली असती तर तो आला नसता. हातात १४ लाख २३ हजार येन. ठाण्याच्या बँकेने दोन दिवस अडवून विक्रीचा कागद आणि नोंदणी रद्द झाल्याची प्रत मागितली. फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानुसार परदेशात राहत असताना घेतलेली मालमत्ता परत आल्यावरही आपल्याकडे ठेवता येते आणि विकता येते, हे मला त्या बँकेतल्या बाईंनीच सांगितलं. लगेच रुपये नको असतील तर अशा लोकांसाठी आरएफसी खातं असतं, त्यात येन येनच राहतात. मला रुपयेच हवे होते. साधारण ८ लाख ३० हजार आले. फेब्रुवारीत १९ लाखांना हो म्हटलं असतं तर पावणेतीन लाख रुपये जास्त मिळाले असते आणि कोर्ट नाका पाहायला लागला नसता. मित्राला काय द्यावं कळेना. डोंबिवलीला त्याच्या आईकडे जाऊन मोदक आणि एक साडी देऊन आलो. त्या म्हणाल्या, "त्याला सांग, आता स्वतःची गाडी घेऊ नकोस म्हणावं."

गाडी घेणारा निर्यातदार निघाला. त्याने मित्राला सांगितलं की ही केनियाला, मोम्बासाला चाललीय. तिथे आठ वर्षांपर्यंतच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या घेतात आणि जपानातून आलेली म्हटलं की लोक डोळे मिटून घेतात. जपानात ती परदेशी म्हणून पडून होती, केनियात जपानी म्हणून विकली जाणार. चेसिस नंबर अर्थात तोच.

मित्राने जहाजाचं नाव धाडलं होतं. फोनवर जहाजं दाखवणारं एक अॅप आहे, त्यात मी रोज बघायचो. २८ सप्टेंबरच्या रविवारी संध्याकाळी बाबांना घेऊन तलावपाळीला गेलो होतो. आता ते दोन फेऱ्या मारतात. बाकावर बसून शेंगा खाताना त्यांनी विचारलं, "कुठवर आली रे?"

मी फोन दाखवला. श्रीलंकेच्या खाली एक बारीक हिरवा बाण पश्चिमेकडे तोंड करून होता.

बाबांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. "इतक्या जवळ आलीय," ते म्हणाले, "तर वळव म्हणावं की."

"चौतीस लाख सत्त्याऐंशी हजार, बाबा."

"राहू दे मग," म्हणून त्यांनी शेंगांची पुडी माझ्यापुढे केली.